उणे साठ टक्के

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना एक-दोन आकडे नीट करून घेतले, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना सांगितलं की मी शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धा गाजवायचे. गाजवायचे वगैरे काही नाही. एकदाच नंबर आला होता, तोही दुसरा. नववीत असताना, बारामतीला. मोरोपंतांच्या गावात जाऊन भाषण करायचं म्हणून बाईंनी माझ्याकडून उच्चार इतके घोटून घेतले होते की घरी भाकरी मागतानासुद्धा मी आवाज चढवून मागत होते. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो अजून आईकडे आहे, त्यात साबुदाणा असतो.

त्या भाषणाचा विषय कुणाला आठवतो का? नाही ना. मलाही परवा-परवापर्यंत आठवत नव्हता. विषय होता 'धरणे : आधुनिक भारताची मंदिरे'. पंडित नेहरूंचं वाक्य, त्यावर आठ मिनिटं. मी उजनीवर बोलले होते. दुसरं धरण मला कुठलं माहीत होतं? पायाभरणी १९६६, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. काम पूर्ण १९८०. साठवण ११७ टीएमसी. इतका ऊस, इतकी वीज, इतके साखर कारखाने. भाषण माझं मीच लिहिलं होतं. सरांनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं होतं, तेव्हा पुढे मी जे सांगणार आहे त्यात सरांचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकते.

आज मला संयोजकांनी 'आयटी क्षेत्रातील संधी' यावर बोलायला सांगितलं होतं. आपण सगळे पंचेचाळिशीला आलो, आता कसल्या संधी? मुलांना काय शिकवायचं ते जेवताना बोलू. मी एका सहलीबद्दल बोलणार आहे. २०२४ च्या मे महिन्यात मी जुन्या पळसदेवला गेले होते, आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर. ती इथेच बसली आहे. नाव घेतलेलं तिला आवडणार नाही, म्हणून घेत नाही. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलेलंच आहे, तर मागे वळून बघू नका.

पुण्यात ऑफिसमध्ये मी सांगते की आमच्या तालुक्याला बंदर आहे. सगळे हसतात. इंदापूर कुठे, समुद्र कुठे. पण कळाशीच्या काठावर जाऊन उभं राहा. होड्या लागलेल्या असतात, जाळी वाळत असतात, पलीकडे कुगावला जाणारी माणसं मोटारसायकलसह होडीत चढत असतात. पलीकडचा किनारा करमाळा तालुक्यातला, म्हणजे जिल्हाच वेगळा. भिगवणला मासळीचा लिलाव असतो. चिलापी, रोहू, कटला. हायवेवर 'भिगवणची मच्छी' खायला मुंबईची माणसं थांबतात. थंडीत कुंभारगाव-डिकसळकडे रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागे हातभर लांब कॅमेरे घेऊन पुणेकर येतात. याला बंदर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? फक्त हे बंदर साठ वर्षांपूर्वी नव्हतं. तिथे भीमा वाहत होती आणि नदीच्या दोन्ही बाजूंना गावं होती.

आपण शाळेत असताना इतिहासाच्या सहलीला मालोजीराजांची गढी बघितली होती, आठवतं? गावातल्या गावात सहल, चालत. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले हे सरांनी गढीच्या सावलीत उभं राहून सांगितलं होतं आणि आपलं सगळं लक्ष चिंचांकडे होतं. पण पळसदेवला आपल्याला कुणी नेलं नाही, कारण नेणार कुठे? ते पाण्यात होतं. आपला सगळ्यांचा जन्म साधारण ८१-८२ चा. म्हणजे आपण जन्मलो तेव्हा गाव नुकतंच बुडालं होतं. नवं पळसदेव हायवेच्या कडेला वसलं, आणि आपल्याला तेच पळसदेव वाटत आलं. एसटीच्या खिडकीतून दिसणारं, पत्र्याच्या हॉटेलांचं.

जुनं पळसदेव मात्र खरंच जुनं. शके १०७९ चा, म्हणजे बाराव्या शतकातला शिलालेख तिथला आहे. पळसनाथाचं देऊळ त्याच काळाच्या आसपासचं, हेमाडपंती म्हणतो तसं दगडी, वर विटांचं उंच शिखर. गाव हललं तेव्हा लोकांनी शिवलिंग नव्या गावात आणून नवं देऊळ बांधलं. जुनं देऊळ तिथेच राहिलं. पाणी भरलं की शिखराचं टोक तेवढं वर दिसतं, उन्हाळ्यात थोडं जास्त, आणि दुष्काळ पडला की अख्खं देऊळ बाहेर येतं.

आता थोडं गणित. माफ करा, सवय आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात पेपरात यायचं की उजनी उणे पन्नास टक्के, उणे साठ टक्के. माझ्या मुलीने विचारलं, "मम्मी, पाणी उणे कसं असेल?" चौदा वर्षांच्या पोरीने विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता, आणि मी तर उजनीवर बक्षीस घेतलेली बाई. तर ते असं आहे. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरहून थोडं जास्त. त्यातलं खालचं ६३ टीएमसी हा मृत साठा. वरचं साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणजे शून्य टक्के म्हणतात तेव्हा धरणात ६३ टीएमसी पाणी असतंच. त्याच्याखाली गेलं की उणे. उणे साठ म्हणजे मृत साठ्यातलंही निम्मं संपलं, सुमारे ३१ टीएमसी उरलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले मोजणी शून्यापासून सुरू करतो म्हणून लोक आम्हाला हसतात, पण शून्य कुठे ठेवायचं हा फार मोठा निर्णय असतो हे पाटबंधारे खात्याला आमच्याआधी कळलं होतं.

आणखी एक आकडा सांगते, मग थांबते. धरण पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर. शून्य टक्क्याला ४९१.०३ मीटर. वजाबाकी करा. पाच मीटर ऐंशी सेंटिमीटर, एकोणीस फूट. दुमजली घराएवढी उंची, आणि त्यात साडेत्रेपन्न टीएमसी! कोकणात एखाद्या खोल दरीला भिंत घातली तर पाणी उंच चढतं. आपल्याकडे दरी नाहीच. आपल्याकडे सपाट काळी जमीन. पाणी चढलं नाही, पसरलं. शेतांवर पसरलं, मळ्यांवर पसरलं, करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा चार तालुक्यांत पसरलं. हे मी नववीत बोलले नव्हते. ११७ म्हणाले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या.

बरं, सहल.

मैत्रिणीचा फोन आला, "देऊळ उघडं पडलंय, सगळं जग बघायला येतंय, आई म्हणतीय मला ने. तू येतीस का?" तिच्या आईला आपण सगळे काकू म्हणायचो. शनिवारच्या डब्यात त्यांची शेंगदाण्याची पोळी यायची ती आपण किती जणांत वाटून खाल्ली याचा हिशोब नाही. काकू आता सत्तरीच्या. गुडघे गेलेले, पण मी येणारच म्हणून बसल्या. सकाळी लवकर निघालो. नव्या गावातून खाली उतरलो, जिथवर गाडी गेली तिथवर नेली, मग एका मासेमाराच्या होडीतून थोडं पाणी ओलांडलं आणि पुढे चालत. पाणी हिरवंगार होतं. हिरवं म्हणजे निसर्गरम्य नव्हे, शेवाळाचं हिरवं. मुळा-मुठा आमच्या पुण्यातून जे काही घेऊन निघते ते भीमेला मिळून इथेच येऊन थांबतं. मी हिंजवडीत हात धुते ते पाणी काकूंच्या गावावर येतं, असा विचार मनात आला आणि मी गप्प बसले.

मे महिन्यातली जमीन अशी की वरून कोरडी पापडी आणि आत पाय रुततो. जागोजाग गाळपेर केलेली. पाणी मागे हटलं की लोक त्या ओलीवर पीक घेतात, ज्यांची जमीन होती ते घेतात आणि ज्यांची नव्हती तेही घेतात. त्यावरून भांडणं होतात, तो वेगळाच अध्याय. एका बाजूला शिंपल्यांचा थर, चालताना काचेवरून चालल्यासारखा आवाज. आणि समोर देऊळ.

देवळाचं वर्णन मला नीट करता येणार नाही. फोटो सगळ्यांनी ग्रुपवर बघितले आहेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाण्यात राहिलेला दगड कसा दिसतो? स्वच्छ. शेंदूर नाही, तेल नाही, ऑइलपेंट नाही. नक्षीत गाळ बसलेला, पण खांबांचे काठ अजून धारदार. विटांचं शिखर मात्र झिजलेलं, कुठेकुठे ढासळलेलं. दर वर्षी पाणी चढतं आणि उतरतं, ते विटेला सोसत नाही. दगड कायम बुडलेला राहिला तरी टिकतो, कायम कोरडा राहिला तरी टिकतो, ओल-सुकीच्या खेळात चुना जातो. वीरगळ पडलेले होते. पोरं त्यावर उभी राहून सेल्फी काढत होती. एक भेळवाला होता. खरंच, भेळवाला! मला आधी राग आला. मग आम्हीही भेळ घेतली.

काकू देवळाकडे बघून नमस्कार करून लगेच वळल्या. "देव तिकडं नेलाय वर. हितं काय न्हाई आता," म्हणाल्या आणि तरातरा चालायला लागल्या. गुडघे दुखणारी बाई! आम्ही दोघी मागे. त्यांना देऊळ बघायचंच नव्हतं. त्यांना घर बघायचं होतं.

गाव सोडताना लोकांनी घरं मोडून नेली होती. तुळया, दारं, चौकटी, पत्रे, जे निघेल ते बैलगाडीत घालून. काकूंच्या आताच्या घराची पुढची चौकट जुन्या घरातली आहे. ती ठेंगणी असल्यामुळे त्यांच्या उंच जावयाच्या कपाळाला दर दिवाळीत टेंगूळ येतं. त्यामुळे खाली उरलं होतं ते फक्त जोतं. दगडांच्या ओळी. मला तर सगळ्या ओळी सारख्याच दिसत होत्या, शेताचा बांध कुठला आणि भिंत कुठली हेही कळत नव्हतं. काकू मात्र गल्लीतून चालत होत्या. म्हणजे बघा, तिथे गल्ली नव्हती, पण त्या कोपऱ्यावर वळत होत्या. एका ठिकाणी थांबल्या, पदर खोचला, पायाने गाळ बाजूला केला. खाली घडीव दगड. "ह्यो उंबरा. दुष्काळात लगीन झालं, बाहत्तर साली. ह्या उंबऱ्यावरनं आत आले. आंगुळीला पाणी न्हवतं गावात. आन पाच-सहा वर्सात इतकं पाणी आलं की घरच सोडायला लागलं." हे त्या हसत म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, खरंच हसत होत्या.

मैत्रीण उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. तिने ते घर कधी बघितलं नव्हतं, तिचा जन्म नव्या गावातला. काकू म्हणाल्या, "आगं ये की आत." ती उंबरा ओलांडून आत गेली. उघड्या माळावर, चार दगडांच्या मध्ये. मला बोलावलं नाही, आणि मी गेले नाही.

परत येताना होडीची वाट बघत काठावर बसलो. तेव्हा काकू मला म्हणाल्या, "तू ते भाषण केलं व्हतंस न्हवं, धरणाचं? हिनं आमाला सगळं म्हणून दाखवलं व्हतं."

मैत्रीण तेव्हा मामाकडे राहून इंदापुरात शिकत होती. बारामतीला ती माझ्याबरोबर आली होती, टाळ्या वाजवायला, आपल्या वर्गातल्या आठ-दहा जणी आल्या होत्या तशी. माझ्या तालमी ऐकून ऐकून तिला भाषण पाठ झालं होतं. त्या शनिवारी ती गावाकडे घरी गेली आणि अंगणात उभं राहून तिने आख्खं भाषण म्हणून दाखवलं. माझ्या मैत्रिणीनं आपल्या धरणावर बक्षीस मिळवलं म्हणून. कौतुकानं. अंगणात तिचे आजोबा बसले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "त्यात आपल्या गावाचं नाव हाय का?"

नव्हतं. आठ मिनिटांच्या भाषणात पळसदेवचं नाव नव्हतं. कुठल्याच गावाचं नव्हतं. 'काही गावांना त्याग करावा लागला' असं एक वाक्य होतं, ते मला आता नीट आठवतं, कारण 'त्याग' शब्दावर बाईंनी मला हात वर करायला शिकवलं होतं.

मी मैत्रिणीला विचारलं, तू मला कधी बोलली कशी नाहीस? ती म्हणाली, "काय बोलायचं? तुझा नंबर आला होता."

म्हणून आज संधी-बिंधी सोडून हे बोलतेय. तेव्हा ज्यांनी ऐकलं त्यातले बरेच जण या हॉलमध्ये आहेत. धरण नको होतं असं मी म्हणत नाही. मला ते म्हणायचा अधिकार नाही. माझे वडील बागायतदार, आमचा ऊस नीरा डाव्या कालव्यावर वाढला आणि त्याच उसावर माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. त्या कालव्याला पाणी येतं भाटघरहून, आणि भाटघरच्या पाण्याखालीही कांबरेश्वराचं देऊळ आहे, तेही उन्हाळ्यात असंच वर येतं. म्हणजे मी ज्या पाण्यावर शिकले त्याच्या तळाशी एक गाव, आणि ज्या पाण्यावर बक्षीस घेतलं त्याच्या तळाशी दुसरं. उजनीचं पाणी सोलापूरला किती आणि इंदापूर-बारामतीला किती, यावरही मी बोलणार नाही. आपल्या वर्गातल्या तीन मुली माढा-पंढरपूरकडे दिलेल्या आहेत, त्यांचे यजमान पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि मला जेवायचं आहे.

त्या होडीबद्दल मात्र बोलायला हवं. आम्ही सातजण होतो होडीत, एक लहान मूलही. लाइफ जॅकेट नव्हतं, कुणी मागितलंही नाही. मी तर हात पाण्यात घालून बसले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २१ मेच्या संध्याकाळी, कुगावहून कळाशीला येणारी होडी वळवाच्या वाऱ्यात उलटली. सातातला एक जण पोहत काठाला आला. सहा गेले, त्यात दोन लेकरं. मी पुण्यात टीव्हीसमोर उभी होते आणि मला आमच्या होडीतलं ते मूल आठवत होतं, त्याच्या हातातली भेळेची पुडी. शोध तीन दिवस चालला. धरण उणे साठच्या जवळ असतानाही तिथे माणसं बुडण्याएवढं पाणी होतं.

पलीकडे जायचं तर होडी नाहीतर शंभर-दीडशे किलोमीटरचा फेरा, अशी तिथल्या लोकांची कित्येक वर्षांची कथा आहे. पाणी यायच्या आधी ते नदी ओलांडून जात होते. डिकसळला इंग्रजांच्या वेळचा रेल्वेचा पूल आहे. १८५८ साली पुण्याहून निघालेली रेल्वे पहिल्यांदा डिकसळपर्यंतच येत होती, पुढे १८५९ ला बार्शी रोडपर्यंत गेली. धरण झालं तेव्हा रेल्वेमार्ग सरकवला आणि तो जुना पूल गाड्या-ट्रॅक्टरांना मिळाला. तोही आता थकला आहे, त्याचा भाग ढासळल्याच्या बातम्या आपण वाचल्या. अपघातानंतर शिरसोडी-कुगाव पुलाचं काम मार्गी लागलं आहे. पूल झाला की कळाशीचं आपलं बंदर बहुधा उठेल. उठू दे.

आता माझ्या कामाचं. मी सॉफ्टवेअर लिहिते, मला दुसरं काही येत नाही, भाषणसुद्धा धड येत नाही हे एव्हाना कळलंच असेल. पुण्याला परत गेल्यावर मी उपग्रहाची जुनी छायाचित्रं शोधली. लँडसॅट नावाचा अमेरिकन उपग्रह १९७२ पासून पृथ्वीचे फोटो काढतो आणि ते कुणालाही फुकट बघता येतात. सत्तरच्या दशकातल्या चित्रात आपली भीमा दिसते. बारीक, वळणावळणाची, दोरा पडल्यासारखी. पुढच्या दशकातल्या चित्रात त्याच जागी मोठा निळा-काळा डाग. दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून मी मैत्रिणीला पाठवली. काकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि विचारलं, "ह्यात घर कुठंय?" घर दिसत नाही. त्या काळच्या उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साठ-ऐंशी मीटर, एका ठिपक्यात त्यांची अख्खी गल्ली. अमेरिकेलाही काकूंचं घर दिसलं नव्हतं.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. मे २०२४ मध्ये मी मोबाइलवर जागांच्या खुणा घेतल्या होत्या. देऊळ, उंबरा, विहिरीचं कडं, पाराचे दगड. त्या नकाशावर टाकल्या. आणि काकू फोनवर सांगतात, मैत्रीण लिहून घेते, मी भरते. देवळासमोर गुरवाचं घर, त्याच्या शेजारी कासार, मग पेठेची गल्ली, लोहाराचा भाता, चावडी, तालीम, नदीवर उतरायचा घाट, घाटावर धुणं कुठे धुवायचं आणि कुठे नाही. आतापर्यंत ६४ घरं झाली. प्रत्येक घराला काकू काहीतरी चिकटवतात. ह्यांच्याकडं पहिला रेडिओ. ह्यांची म्हैस देवळात शिरली होती. ह्यांनी जाताना जातं नेलं न्हाई, जड होतं, मग वर गेल्यावर रडली ती. मी सॉफ्टवेअरमध्ये 'टीप' म्हणून एक रकाना ठेवला होता, दोनशे अक्षरांचा. तो तीनदा वाढवावा लागला.

ऑगस्टमध्ये धरण पुन्हा शंभर टक्के भरलं. उणे साठवरून शंभरवर, एका पावसाळ्यात. घाटमाथ्यावर पाऊस झाला आणि पुण्याच्या धरणांतून पाणी सोडलं की असं होतं. आपण सगळ्यांनी ग्रुपवर टाळ्यांचे हात टाकले. मीही टाकला. काकूंचा उंबरा आता पाण्याखाली आहे आणि परत कधी वर येईल ते पावसावर. त्यामुळे जे लिहायचं ते माणसांना विचारूनच लिहायला लागणार आहे, आणि ती माणसं सत्तरी-ऐंशीची आहेत.

तर आता मागणं. आपल्या वर्गात बुडीत गावांतली पोरं किती होती, मी कधी मोजलं नव्हतं. परवा हजेरीपट आठवत बसले तर नऊ नावं निघाली. 'धरणग्रस्त' हा शब्द आपण फक्त दाखल्यावरचा शिक्का म्हणून ऐकला होता, फी माफीच्या वेळी. त्या नऊ जणांना, आणि माझ्याकडून कुणी सुटलं असेल तर त्यांनाही, विनंती आहे की घरी आई-वडील, चुलते, आत्या कुणी असतील तर त्यांच्याजवळ बसा. पळसदेवच असं नाही, काठावरचं कुठलंही जुनं गावठाण. वहीत लिहा, मोबाइलवर बोलणं भरून घ्या, काहीही करा. माझा नंबर ग्रुपवर आहेच. नकाशा तयार झाला की एक मोठी प्रत शाळेला द्यायची असं ठरवलं आहे. मुख्याध्यापक सरांनी भिंत दाखवली आहे.

पळसदेवपुरतं एक अडलं आहे, ते इथेच विचारते. गावाच्या नदीकडच्या बाजूला, घाटाच्या खालच्या अंगाला, गावकुसाबाहेर एक वस्ती होती. पंधरा-वीस घरं असतील. काकूंना त्यातलं एकही सांगता येईना. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "तिकडं आमी जात न्हवतो गं." नकाशात ती जागा मी पांढरीच ठेवली आहे. त्या वस्तीतली माणसं पुढे कुठे गेली, इंदापुरात की टेंभुर्णीला की पुण्यात, हेही काकूंना माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाचं घर त्या बाजूला होतं, किंवा कुणाच्या ओळखीत कुणी असेल, तर मला सांगा. वही मी बरोबर आणली आहे, आणि जेवण होईपर्यंत मी त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसणार आहे.